कानाची परीक्षा कोणत्या भाषेत?

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की बोलणे जमिनीच्या उताऱ्यावर, दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या माध्यमावर आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून चाललेल्या दाव्यावर येते. ते यायलाच हवे. परंतु भाषा माणसात शिरते ती कानाच्या वाटेने, आणि त्या वाटेवर आज काय चालले आहे याची चर्चा क्वचितच होते. वय झाले, ऐकू कमी येऊ लागले, म्हणून बेळगावचा, निपाणीचा किंवा भालकीचा मराठी माणूस श्रवणयंत्र घ्यायला जातो. त्याच्या कानाची परीक्षा कोणत्या भाषेत होते? परीक्षा घेणारा कोण असतो? ती घ्यायला त्याला कोणी आणि किती शिकवलेले असते? हे तीन प्रश्न वेगवेगळे भासले तरी त्यांचे उत्तर एकच आहे, आणि ते समाधानकारक नाही.

आमचे प्रतिपादन असे. ज्याला श्रवणयंत्र द्यायचे, त्याची शब्द ऐकण्याची चाचणी त्याच्या स्वतःच्या भाषेत घेणे हा श्रवणयंत्र देणाऱ्याच्या कौशल्याचाच भाग आहे. तो सौजन्याचा, सोयीचा किंवा मेहेरबानीचा विषय नाही. ज्या अभ्यासक्रमात हे कौशल्य शिकवले जात नाही आणि ज्या कौशल्यमानकात त्याची अट नाही, तो अभ्यासक्रम आणि ते मानक अपुरे आहे. ही गोष्ट जितकी बेळगाव, खानापूर, बिदर आणि कारवारची, तितकीच हैदराबाद, वडोदरा, इंदूर आणि ग्वाल्हेर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांचीही आहे.

प्रश्न मूठभर लोकांचा नाही. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या देशात ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र सुमारे ६ कोटी ३० लाखांचा आहे. या दोन आकड्यांमध्ये जे कोट्यवधी लोक उरतात, ते पूर्ण बहिरे नाहीत. ते अर्धेमुर्धे ऐकतात, अंदाजाने उत्तर देतात, लग्नाकार्यात कोपरा धरून बसतात. श्रवणयंत्राचा खरा उपयोग त्यांनाच आहे, आणि फसवणूकही सर्वाधिक त्यांचीच होते.

‘बसवणे’ आणि ‘जुळवणे’

आपल्या बोलण्यात एक क्रियापद रूढ झाले आहे. ‘आजोबांना कानाचे मशीन बसवले’ असे आपण म्हणतो. विहिरीवर पंप बसवतात, दाराला कडी बसवतात. एकदा बसवली की काम संपले. श्रवणयंत्राचे तसे नाही. ते तंबोऱ्यासारखे जुळवावे लागते. ज्याला स्वर कळत नाही त्याने खुंटी पिळली तर तार तुटते, नाहीतर बेसूर बोलते. चुकीचे क्रियापद वापरल्याने चुकीची अपेक्षा निर्माण होते, आणि बाजारातील विक्रेत्याला नेमकी तीच अपेक्षा सोयीची असते.

जुळवण्याच्या कामात काय काय येते ते पाहू. प्रथम कानात डोकावून पाहायचे. मळ साचला आहे का, पडद्याला छिद्र आहे का, पू वाहतो आहे का. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असेल तर तो यंत्रविक्रीचा प्रसंगच नव्हे. तशा रुग्णाला त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचे असते, कारण औषधोपचाराचा काळ फार थोडा असतो. त्यानंतर ध्वनिरोधक खोलीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या शुद्ध स्वरांची चाचणी, आधी हवेतून आणि मग कानामागच्या हाडातून. एका कानाची चाचणी चालू असताना गरज पडेल तेथे दुसऱ्या कानात मोजून-मापून गोंगाट सोडावा लागतो. तो सोडला नाही तर चांगला कान वाईट कानाच्या वतीने परस्पर उत्तर देतो आणि कागदावर खोटे चित्र उमटते.

पुढे कानाचा साचा. मऊ लगदा कानात भरण्यापूर्वी आत स्पंजाचा छोटा बोळा बसवावा लागतो. तो विसरला किंवा नीट बसला नाही, आणि पडद्याला छिद्र असले, तर लगदा मधल्या कानात उतरतो व शस्त्रक्रियेनेच बाहेर काढावा लागतो. मग यंत्राची आज्ञावली. मग कानाच्या नळीत बारीक नळी सरकवून, यंत्रातून येणारा आवाज पडद्याजवळ प्रत्यक्षात किती पोहोचतो याचे मोजमाप. संगणक जे आकडे गृहीत धरतो ते सरासरी कानाचे असतात. लहान मुलाच्या चिंचोळ्या नळीत तोच आवाज कितीतरी मोठा होतो. शेवटी यंत्राची सवय होईपर्यंत काही आठवडे पुन्हा पुन्हा भेट आणि फेरजुळणी.

या सगळ्याच्या मधोमध एक पायरी आहे, जिच्यासाठी हा लेख लिहिला. ती म्हणजे शब्दांची चाचणी, जिला व्यवसायात स्पीच ऑडिओमेट्री म्हणतात. शुद्ध स्वरांची चाचणी किती मोठा आवाज ऐकू येतो एवढेच सांगते. बोललेले कळते किती, हे शब्दांनीच तपासता येते. शब्द म्हटला की भाषा आली.

कायदा आहे, धाक नाही

हे काम कोणी करावे याविषयी आपल्या देशात कायदा नाही असे नव्हे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमात ‘पुनर्वास व्यावसायिक’ कोण याची यादी आहे. तीत श्रवणतज्ज्ञ व वाचोपचारक आहेत, आणि श्रवणयंत्र व कानाच्या साच्याचे तंत्रज्ञही स्वतंत्रपणे आहेत. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत ज्याचे नाव नाही त्याने हा व्यवसाय करू नये, असे कलम १३ सांगते. उल्लंघनाला शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका श्रवणयंत्राच्या विक्रीत जे सुटते, त्यापुढे हजार रुपये म्हणजे चहापाण्याचा खर्च.

प्रशिक्षणाच्याही पायऱ्या ठरलेल्या आहेत. श्रवणतज्ज्ञाची पदवी चार वर्षांची, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. श्रवणयंत्र दुरुस्ती व साचे बनवण्याची पदविका एक वर्षाची. या दोहोंच्या खाली तिसरा एक वर्ग बाजारात उभा राहिला आहे. चष्म्याच्या किंवा औषधाच्या दुकानातील कोपऱ्यात बसणारा, कंपनीने चार-आठ दिवसांत तयार केलेला विक्रेता. त्याच्या उपजीविकेशी आमचे वैर नाही. परंतु चार वर्षांच्या शिक्षणाचे काम तो चार दिवसांच्या तालमीवर करतो, विक्रीवर त्याची कमाई ठरते, आणि ज्याने यंत्र विकायचे त्यानेच ते लागते की नाही हे ठरवायचे, ही व्यवस्था कोणत्याही भाषेत अन्यायच ठरेल.

इतरत्र हा प्रश्न कसा हाताळला गेला? जर्मनीत श्रवणयंत्र जुळवणे हा रीतसर हस्तव्यवसाय आहे. तीन वर्षांची उमेदवारी, परीक्षा, आणि स्वतःचे दुकान थाटायचे तर सामान्यतः त्यापुढची ‘मास्टर’ परीक्षा. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने यासाठी वेगळी परिषद स्थापली गेली. २०१० पासून ते काम आरोग्य व्यवसायांच्या सामाईक नियामकाकडे गेले. तेथे श्रवणयंत्र देणाऱ्याचे पदनामच कायद्याने संरक्षित असल्यामुळे कोणीही उठून ती पाटी लावू शकत नाही.

या मानकांचे आमच्याकडे कौतुक होते, नक्कलही होते. पण नक्कल करताना एक गोष्ट नजरेतून निसटते. तेथे यंत्र जुळवणारा आणि जुळवून घेणारा बहुधा एकाच भाषेचे असतात. जर्मन कारागीर जर्मन माणसाला जर्मन शब्द ऐकवतो. त्यामुळे ‘चाचणी रुग्णाच्या भाषेत घ्यावी’ हे वाक्य तेथील मानकात ठळकपणे लिहिण्याची निकड भासली नाही. पाण्यात राहणाऱ्या माशाला पाण्याविषयी नियम करावा लागत नाही. आपल्या देशात एका तालुक्यात चार भाषा नांदतात. येथे ते वाक्य लिहिले नाही तर पाळलेही जात नाही.

आमच्याकडील कौशल्यमानकांच्या भाषेत ‘स्थानिक भाषा’ असा एक गुळमुळीत शब्द फिरतो. रुग्णाशी स्थानिक भाषेत बोलावे. स्थानिक म्हणजे कोणाची? बेळगावात कचेरी त्याचा अर्थ कन्नड असा करते, हैदराबादेत तेलुगू, वडोदऱ्यात गुजराती. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या घरात काय बोलतात हे कोणी विचारत नाही.

मराठी कान वेगळा कशाने?

‘शब्द कोणत्याही भाषेतला का असेना, ऐकू आला की झाले’ असे आम्हाला अनेकदा ऐकवले जाते. हे विधान तपासून पाहू, कारण सारा वाद येथेच ठरतो.

शब्द ओळखण्याच्या चाचणीत साधारणतः २५ शब्दांची यादी ऐकवतात. प्रत्येक शब्दाला ४ गुण. ऐकणाऱ्याने ऐकले तसे म्हणायचे. ओळखीचा शब्द अर्धवट ऐकू आला तरी मेंदू तो पुरा करतो. अनोळखी शब्दाला ही मदत मिळत नाही. खानापूर तालुक्यातील आजीला कन्नड यादी ऐकवली आणि त्यातील सहा शब्द तिच्या रोजच्या व्यवहारातले नसले, तर २४ गुण कानाच्या नव्हे, परकेपणाच्या खात्यात गेले. कागदावर मात्र ते कानाच्या खात्यात नोंदले जातात. मग निष्कर्ष निघतो की नसच कमकुवत आहे, यंत्राचा फारसा उपयोग नाही. किंवा महागड्या तपासण्या मागे लागतात. भाषेची चूक निदानाची चूक होते ती अशी.

उलटही घडते. परीक्षक समोर बसून, ओठ दिसतील अशा बेताने, ‘डोके’, ‘नाक’, ‘हात’ असे चार शब्द मोठ्याने म्हणतो. आजी ओठ वाचून म्हणून दाखवते. शेरा पडतो : ‘उत्तम’. घरी गेल्यावर पाठीमागून सुनेने हाक मारली तर कळत नाही.

आता भाषांच्या घडणीकडे वळू. कन्नडातील बहुतेक शब्द स्वरान्त असतात : घराला ‘मने’, दुधाला ‘हालु’, हाताला ‘कै’. मराठीत तेच शब्द व्यंजनावर संपतात : घर, दूध, हात. शब्दाच्या शेवटचे व्यंजन क्षीण असते. ऐकू कमी येऊ लागले की आधी जाते ते हेच. भात, भाग, भार, भाव यांत फरक तेवढ्याच एका टोकाचा. पाट आणि पाठ यांत तर टोकाच्या श्वासाचा. स्वरान्त शब्दांची यादी या टोकाची परीक्षाच घेत नाही. तीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा माणूस मराठीत भात मागितला तर भाव सांगेल.

दुसरे उदाहरण आमच्या मते निर्णायक आहे. म्हातारपणी ऐकणे उतरू लागते ते उंच पट्टीकडून. ‘स’ची बरीचशी शक्ती ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणून तो प्रथम हरवतो. मराठी व्याकरणात या एका ‘स’वर पुरुष टांगलेला आहे. ‘जेवलास का?’ हे समोरच्याला, ‘जेवला का?’ हे तिसऱ्याविषयी. येतोस–येतो, आलीस–आली, गेलास–गेला. ‘स’ ऐकू आला नाही की प्रश्न आपल्याला आहे की दुसऱ्याबद्दल आहे हेच कळत नाही. मग घरातले म्हणतात, ‘विचारावे एक, सांगतात भलतेच’, आणि म्हातारा भ्रमिष्ट ठरतो. कन्नड क्रियापदात द्वितीय पुरुषाची खूण अशी ‘स’वर अवलंबून नाही. हिंदीतही नाही. म्हणून मराठी कानात हा एक ‘स’ पोहोचतो की नाही हे पाहण्याची आठवण कन्नड वा हिंदी यादीला होणार नाही. ज्याने मराठीत चाचणी घेण्याचे शिक्षण घेतले आहे, त्यालाच होईल.

आणखी काही जोड्या पाहा. वेळ आणि वेल, काळ आणि काल. हिंदीत ‘ळ’ नाही. इंदूर–ग्वाल्हेरकडील हिंदीभाषक परीक्षक मराठी यादी वाचू लागला तरी ‘वेळ’चा ‘वेल’ करून वाचेल, आणि आजोबांनी ‘वेल’ म्हटले की बरोबरची खूण करील. कण–खण, पळ–फळ, दार–धार यांत महाप्राणाचा फरक. बोलीतील कन्नडात तो पुष्कळदा पुसट होतो. नाणे आणि न्हाणे यांत तर नुसता श्वासाचा हेलकावा. ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च एकाच अक्षराने लिहितात, पण ध्वनी दोन आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचे भांडे, यांतला फरक लिपी दाखवत नाही, कान दाखवतो. गोव्यात कोकणीभाषक परीक्षकाला हे च-ज सहज उमगतील, गुजराती परीक्षकाला ‘ळ’ आणि ‘ण’ उमगतील. म्हणजे प्रत्येक केंद्रावर उणीव वेगळी आहे. ती कोठे आहे हे ओळखणे हेच तर प्रशिक्षणाचे काम.

सूत्रांनाही भाषा विचारावी लागते

कोणी म्हणेल की हे सारे भाषाभिमानाचे बोलणे आहे. यंत्राला भाषा कळत नाही. यंत्राची सूत्रे तपासली तर हा समज टिकत नाही. श्रवणयंत्राला कोणत्या पट्टीत किती आवाज वाढवायचा हे सांगणारी जी सूत्रे जगभर वापरात आहेत, त्यांत ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय ध्वनिप्रयोगशाळेचे एनएएल-एनएल२ हे प्रमुख आहे. त्या सूत्रात एक प्रश्न असा आहे : वापरणाऱ्याची भाषा चिनीसारखी सुरांनी अर्थ बदलणारी आहे की नाही? उत्तर बदलले की खालच्या पट्टीतील आवाज बदलतो. भाषा ही जुळणीतील एक बाब आहे, हे शास्त्राने केव्हाच मान्य केले आहे.

याच क्षेत्रात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १२ भाषांतील बोलण्याच्या ध्वनिशक्तीची मोजणी झाली. त्यांत इंग्रजी, जर्मन, रशियन होत्या, जपानी, व्हिएतनामी होत्या, आमच्या शेजारची सिंहलीही होती. भारतातील एकही भाषा नव्हती. या अभ्यासाचा निष्कर्ष असा की सरासरी काढली तर भाषांभाषांत ध्वनिशक्तीची वाटणी बरीचशी सारखी असते. तो आम्हाला मान्य आहे. पण सरासरीने अर्थ लागत नाही. अर्थ लागतो तो ‘जेवला’ आणि ‘जेवलास’ यांतील फरकाने. सरासरीवर यंत्र सुरू करता येते. ते जुळले की नाही हे त्या माणसाच्या भाषेतच विचारावे लागते.

आमच्या कायद्यालाही हे अजून उमगलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात ‘ऐकण्यास जड’ म्हणजे बोलण्याच्या पट्ट्यांत दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष, अशी व्याख्या आहे. ‘बोलण्याच्या पट्ट्या’ हे शब्द आहेत, पण बोलणे कोठेच नाही. ज्याचा दोष ५५ डेसिबलचा आहे पण ज्याला चार माणसांत एक वाक्य धड लागत नाही, तो या व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर उभा आहे.

मुलाच्या घरातील भाषा

वृद्धांचा प्रश्न दुःखाचा आहे, मुलांचा त्याहून गंभीर. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाची प्राथमिक तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाय सहाव्यापर्यंत सुरू व्हावा, हा जगन्मान्य दंडक आहे. कारण भाषा शिकण्याची मेंदूची तयारी थांबून राहत नाही. यंत्र वेळेवर मिळाले की पुढचे काम घरातील बोलण्याने होते. आई, आजी, भावंडे सतत, सहज, भरपूर बोलतात. तीच खरी चिकित्सा.

येथेच सीमाभागातील मराठी पालकांना एक सल्ला मिळतो : मुलाशी एकच भाषा बोला, आणि ती शाळेची, म्हणजे कन्नड वा इंग्रजी असू द्या. असे सांगितले गेल्याच्या तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत. दोन भाषांनी अशा मुलाचे नुकसानच होते, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. नुकसान होते ते आई ज्या भाषेत ओव्या म्हणते, रागावते आणि कुरवाळते, ती भाषा तिच्याकडून काढून घेतल्याने. तिला धड न येणाऱ्या भाषेत ती दहा वाक्ये बोलेल. मराठीत दिवसाला हजार बोलली असती. मुलाच्या वाट्याला येणारे बोलणेच आटते. सल्ला देणारा दुष्ट नसतो. त्याच्या शिक्षणात बहुभाषक घराचा धडाच कच्चा राहिलेला असतो. राज्यघटनेच्या ३५०अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेची सोय सांगितली आहे. शाळेच्या आधी येणाऱ्या कानाला तो न्याय नाकारण्याचे काही कारण नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : तज्ज्ञ आधीच थोडे आहेत. अटी वाढवल्या तर खेड्यातल्या माणसाला आज मिळते तेही मिळणार नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक हवे. प्रत्येक तालुक्याला पदवीधर श्रवणतज्ज्ञ उद्याच मिळणार नाही. पण वर्षभराच्या पदविकेचा तंत्रज्ञ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करू शकतो. शब्दयादी एकदा नीट ध्वनिमुद्रित केली की ती कोणत्याही यंत्रातून वाजवता येते. परीक्षकाला मराठी येत नसेल तर चित्रे ठेवावीत : वेलीचे, घड्याळाचे, फळाचे, नाण्याचे. ऐकणाऱ्याने बोट ठेवायचे, परीक्षकाने खूण करायची. खर्च फार नाही. लागते ती इच्छा.

दुसरा आक्षेप : वैद्यकात भाषेचे राजकारण आणू नका. आम्ही विचारतो, ज्या खोलीत कन्नड, हिंदी वा इंग्रजी शब्द आधीच आहेत तेथे भाषा कोणी आणली? आमची मागणी कोणाविरुद्ध नाही. सोलापूर, अक्कलकोट आणि जतच्या कन्नडभाषकाला कन्नड यादी मिळालीच पाहिजे. बिदरच्या उर्दूभाषकाला उर्दू, नांदेड–देगलूरकडच्या तेलुगूभाषकाला तेलुगू. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्थेची स्थापना १९६५ ची. कन्नडात गोंगाटातील वाक्ये ओळखण्याची चाचणीही तयार झालेली आहे. या कामाबद्दल आम्हाला आदर वाटतो. असेच काम मराठीसाठी व्हावे आणि ते राज्याच्या सीमेवर अडू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच लोकांकडून येतो : मुंबई–पुण्यात मराठी याद्या वापरात आहेत, त्याच मागवून घेऊ. मुंबईत १९८३ पासून राष्ट्रीय संस्था आहे. तेथील कामाचा लाभ घ्यावाच. परंतु पुण्याच्या पुस्तकी मराठीतले शब्द निपाणीच्या तंबाखूच्या शेतात राबलेल्या माणसाला किंवा वडोदऱ्यात चार पिढ्या राहिलेल्या घराला तितकेच ओळखीचे असतील असे गृहीत धरू नये. चाचणीचा पहिला नियम ओळखीचा शब्द हा आहे. अण्णा आणि अक्का ही नाती आम्ही कन्नडातून घेतली आणि आपली केली. आमची मराठी अशी आहे, आणि यादीही तशीच हवी.

आमच्या मागण्या

एक. श्रवणतज्ज्ञ व श्रवणयंत्र तंत्रज्ञ यांच्या अभ्यासक्रमांत आणि कौशल्यमानकांत ‘रुग्णाच्या प्रथम भाषेत शब्दचाचणी घेणे’ हे स्वतंत्र, परीक्षा घेता येईल असे कौशल्य म्हणून लिहावे. ‘स्थानिक भाषा’ या मोघम शब्दाने काम भागवू नये.

दोन. प्रत्येक श्रवणचाचणीच्या अहवालावर ‘चाचणीची भाषा’ आणि ‘रुग्णाची भाषा’ असे दोन रकाने सक्तीचे करावेत. ते जुळत नसतील तर गुणांच्या बाजूला तसा शेरा लिहावा.

तीन. मराठीच्या निरनिराळ्या बोलींत, त्या त्या केंद्रातील माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित शब्दयाद्या व चित्रयाद्या तयार करून सर्वांना विनामूल्य द्याव्यात.

चार. १९८१ पासून चालत आलेल्या केंद्राच्या साहाय्यक साधन योजनेतून शिबिरांत जी श्रवणयंत्रे दिली जातात, ती शब्दचाचणीशिवाय देऊ नयेत, आणि दिल्यानंतरच्या फेरजुळणीची तारीख त्याच वेळी लिहून द्यावी. वाटपाचा फोटो म्हणजे योजनेची सांगता नव्हे.

पाच. श्रवणयंत्र देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावावा. नोंद नसलेल्यांवर कलम १३ प्रमाणे कारवाई व्हावी, आणि दंडाची रक्कम आजच्या किमतींना साजेशी व्हावी.

सहा. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के वा अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे संरक्षण जुनेच आहे. सरकारी केंद्रांतील श्रवणयंत्राची माहितीपत्रके व वापराच्या सूचना त्यात याव्यात.

वाचकहो, या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन जाल तेव्हा नोंदणी क्रमांक विचारा. शब्दांची चाचणी घेतली का, कोणत्या भाषेत घेतली, हे विचारा आणि अहवालावर लिहून मागा. चाचणीच्या वेळी परीक्षकाचे ओठ दिसत होते का ते पाहा. पहिल्या दिवशी यंत्र आवडले नाही म्हणून ते कपाटात ठेवू नका. दोन-तीन आठवड्यांनी परत जा आणि काय ऐकू येत नाही ते मराठी उदाहरणांनी सांगा. ‘आवाज येतो पण कळत नाही’ एवढे सांगून भागत नाही. ‘जेवलास’ आणि ‘जेवला’ सारखेच ऐकू येतात असे सांगा. ज्याला काम येते त्याला तेवढ्यावरून कोणती पट्टी वाढवायची ते कळेल. ज्याला कळणार नाही, त्याच्याकडे यंत्र घेऊ नका.

उताऱ्यावरील मराठीसाठी आपण अर्ज केले, मोर्चे काढले, खटले चालवले. अहवालावरील त्या दोन रकान्यांसाठीही तेवढ्याच चिकाटीने अर्ज करू या. कागदावरची भाषा गेली तर ती पुन्हा लिहिता येते. ऐंशी वर्षांच्या माणसाला आपल्याच घरातले बोलणे परके झाले, तर त्याच्यापाशी ते परत मिळवायला फार वर्षे उरलेली नसतात.